दुसऱ्याने सांगितले होते

गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे आणि आता तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते, त्यामुळे आमच्याकडे धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बायकांनाही लहान विमानाच्या आवाजाचे नवल राहिलेले नाही. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले आणि त्यातील प्रशिक्षक व शिकाऊ वैमानिक असे दोघेही गेले. बातमी गावात पोहोचते न पोहोचते तोच पारावर निकाल लागला होता : "पायलटची चुकी असंल जी." तेव्हा चौकशी पथक डोंगरावर पोहोचलेही नव्हते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला ठाऊक आहे. परंतु मेलेल्या माणसावर चूक टाकली की विषय संपतो आणि सगळे आपापल्या कामाला लागतात, हे मला फार खटकले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. मोठ्या विमान अपघातांचे चौकशी अहवाल बहुधा खुले असतात आणि सवड मिळेल तसे मी ते वाचत आलो आहे. पुढे स्कूबा डायव्हिंगमधील, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याच्या प्रकारातील, अपघातांविषयीही वाचले. या दोन्ही क्षेत्रांत माणसाच्या चुकीचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. मात्र वाचता वाचता एक गोष्ट मला इतक्या वेळा दिसली की आता कोणताही अहवाल उघडला की माझी नजर आधी तिलाच शोधते. ज्याच्या हातून चूक झाली, त्याच्या शेजारी पुष्कळदा आणखी एक माणूस होता आणि काहीतरी बिघडते आहे हे त्याला कळलेले होते. कधी तो गप्प राहिला, कधी नुसता पुटपुटला आणि कधी स्पष्ट बोलूनही त्याचे कोणी ऐकले नाही.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील लॉस रोदेओस विमानतळावर केएलएम ही डच आणि पॅन ॲम ही अमेरिकी, अशा दोन कंपन्यांची जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात एवढी जीवितहानी दुसऱ्या कोणत्याही अपघातात झालेली नाही. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे विमाने या छोट्या विमानतळाकडे वळवली होती, दाट धुके उतरले होते आणि डच वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा संपत आली होती. केएलएमचा कॅप्टन याकोब व्हान झांटेन हा त्या कंपनीत इतर वैमानिकांना जंबो विमान शिकवणारा ज्येष्ठ प्रशिक्षक होता. त्याने इंजिनांचा जोर वाढवायला सुरुवात केली तेव्हा सहवैमानिकाने त्याला थांबवले, कारण नियंत्रण कक्षाची परवानगी आलेली नव्हती. कॅप्टन थांबला आणि परवानगी विचारण्यास त्याने सांगितले. पलीकडून आला तो फक्त उड्डाणानंतरच्या मार्गाचा तपशील, तरीही सहवैमानिक तो उलट वाचून दाखवत असतानाच कॅप्टनने ब्रेक सोडले. या वेळी सहवैमानिक त्याला थांबा म्हणाला नाही. एका मिनिटाच्या आत आपल्याहून कितीतरी ज्येष्ठ माणसाला दुसऱ्यांदा टोकायचे, तेही ज्याच्या हाताखाली आपण शिकलो त्याला, हे किती जड जात असेल याची कल्पना आपल्याकडच्या कोणालाही सहज करता येईल.

तरीही आणखी एक संधी उरली होती. पॅन ॲमचे विमान त्याच धावपट्टीवरून चालत होते आणि आपण अजून धावपट्टीवरच आहोत, असे ते सांगत होते. त्याच क्षणी नियंत्रकही बोलत असल्यामुळे डच वैमानिकांना त्यातले काही स्पष्ट ऐकू आले नाही, केवळ कर्कश शिट्टीसारखा आवाज आला. पुढचे बोलणे मात्र फ्लाइट इंजिनिअरच्या, म्हणजे कॉकपिटमध्ये यंत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या, कानी पडले आणि त्याने विचारले की ते विमान अजून बाजूला झालेले नाही काय. कॅप्टनने ठामपणे उत्तर दिले की झाले आहे. त्यानंतर काही सेकंदांतच टक्कर झाली. त्या इंजिनिअरला शंका आली होती, ती अचूक होती आणि त्याने ती उच्चारलीही होती. पण ती प्रश्नाच्या रूपात आली, वरिष्ठाच्या एका होकाराने मिटली आणि "थांबा, ब्रेक लावा" हे शब्द कोणाच्याच तोंडून निघाले नाहीत.

हे सगळे परदेशात घडले, असे म्हणून बाजूला ठेवण्याची सोय आपल्याला नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरला डोंगरमाथ्यावरील धावपट्टीच्या टोकावरून खाली दरीत गेले आणि १६६ जणांपैकी १५८ दगावले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॅप्टन प्रवासातला बराच काळ झोपलेला होता, उतरण्याच्या तयारीच्या वेळी विमान असायला हवे त्याहून फारच उंचावर होते आणि सहवैमानिकाने 'गो अराउंड', म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे तीन वेळा सांगितले होते. कॅप्टन उतरतच राहिला.

त्यानंतर दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, करोनाच्या काळात अडकलेल्या भारतीयांना दुबईहून घेऊन येणारे विमान भर पावसात कोळिकोड येथे धावपट्टीचा जवळपास निम्मा भाग मागे टाकून टेकले आणि पुढे खाली कोसळून तुटले. २१ माणसे गेली, त्यांत दोन्ही वैमानिकही होते. कॅप्टन वायुदलातून आलेले, सर्वोत्तम प्रशिक्षणार्थीला दिला जाणारा 'सोर्ड ऑफ ऑनर' मिळवलेले अधिकारी होते आणि त्यांचे वृद्ध आईवडील नागपूरला राहत होते. त्या दिवसांत विदर्भातील वर्तमानपत्रांनी त्यांच्याविषयी जे लिहिले ते वाचून माझे डोळे भरून आले होते. म्हणूनच पुढे आलेला अहवाल वाचणे मला कठीण गेले. सहवैमानिकाने आधी मोघम शब्दांत लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला होता आणि मग 'गो अराउंड' असे स्पष्ट म्हटले होते. कॅप्टनकडून प्रतिसाद न आल्यावर नियंत्रण स्वतःच्या हाती घेणे हे सहवैमानिकाचे काम होते आणि तेही घडले नाही, याची नोंद अहवालात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कॅप्टनने पुढचे विमान न्यायचे होते आणि त्या तळावर कॅप्टनांची संख्या अपुरी होती, हेही अहवालाने विचारात घेतले आहे. परत फिरून दुसऱ्या विमानतळावर उतरलो तर उद्याचे उड्डाण कोण नेणार, हा हिशेब अनुभवी माणसाच्या मनातही नकळत शिरतो. अशा वेळी ज्याच्या डोक्यावर त्या हिशेबाचे ओझे नाही, त्या दुसऱ्या माणसालाच धावपट्टी किती उरली ते नीट दिसते.

मला वाटते, न ऐकणाऱ्याला गर्विष्ठ ठरवून मोकळे होणे हीसुद्धा पारावरचीच घाई आहे. थकलेले किंवा एकाच कामात बुडालेले मन आजूबाजूचे आवाज खरोखरच नोंदवत नाही. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानाचा पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही. बल्ब तेवढा गेलेला होता, चाक खाली उतरलेले होते. सगळे जण त्या बल्बच्या मागे लागले, कोणाचा तरी धक्का लागून ऑटोपायलटने, म्हणजे विमान आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेने, धरलेली उंची सुटली आणि विमान हळूहळू उतरत दलदलीत शिरले. उंची कमी होत असल्याची सूचना देणारा आवाज कॉकपिटमध्ये वाजला होता, पण त्याची दखल कोणीही घेतली नाही. १०१ माणसे गेली. सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, पोर्टलंड शहरावर युनायटेड एअरलाइन्सचा एक कॅप्टन चाकांच्याच बिघाडात गुंतून तासभर घिरट्या घालत राहिला. फ्लाइट इंजिनिअर इंधनाचे आकडे सांगत होता, परंतु इंधन संपत आले आहे, आता उतरावेच लागेल, असे निकराने कोणी म्हटले नाही. इंधन संपले, विमान शहराच्या वस्तीत उतरले आणि दहा जण मेले.

या पोर्टलंडच्या अपघातातून पुढे जे उभे राहिले, त्याचे मला मोठे मोल वाटते. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९७९ मध्ये यावर एक कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेडने आपल्या वैमानिकांना 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' शिकवायला सुरुवात केली. त्यात विमान कसे चालवायचे हे शिकवत नाहीत. कॅप्टनने कसे विचारावे, कनिष्ठाने कसे सांगावे आणि सांगितलेले ऐकले गेले नाही तर पुढे काय करावे, याचा सराव करून घेतात. सांगण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी प्रश्न, मग नावानिशी धोक्याची सूचना, मग स्पष्ट विरोध आणि तरीही फरक पडला नाही तर सूत्रे हाती घेणे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटीजवळ शेपटीकडील इंजिन फुटून युनायटेडच्याच एका विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे द्रवाच्या दाबावर विमान वळवणारी यंत्रणा, निकामी झाली. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या डेनिस फिच या प्रशिक्षक वैमानिकाला पुढे येऊ दिले, इंजिनांचा जोर कमीजास्त करण्याचे काम त्याच्या हाती सोपवले आणि ज्याला जे सुचले ते ऐकून घेतले. विमान कोसळलेच, पण २९६ पैकी १८४ माणसे वाचली. हेन्स यांनी त्याचे मोठे श्रेय पुढे याच प्रशिक्षणाला दिले.

पाण्याखाली तर दुसऱ्या माणसाला आवाजही नसतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणून तिथे छातीभर घेतलेला श्वास रोखून माणूस वर आला तर तीच हवा दुप्पट जागा मागते, फुप्फुस फाटते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जातात. घाबरून वर धाव घेणे हेच सर्वांत घातक असते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या तज्ज्ञांनी १९९२ ते २००३ या काळातील ९४७ डायव्हरांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. ज्या मृत्यूंची सुरुवात कशाने झाली ते शोधता आले, त्यांपैकी ४१ टक्के प्रकरणांत ती हवा कमी पडण्यापासून झाली होती. हवा किती उरली आहे हे दाखवणारा काटा प्रत्येक डायव्हरच्या अंगावर असतो. तो पाहिला गेला नाही, किंवा पाहूनही आणखी थोडे थांबू असे वाटले, आणि बरोबरचा जोडीदार एकतर लांब गेलेला होता किंवा त्याने विचारलेच नाही.

डायव्हिंगमध्ये जोडीने उतरतात आणि उतरण्यापूर्वी एकमेकांचे साहित्य तपासतात, ते यासाठीच. ही तपासणी मी मालवणच्या किनाऱ्यावर, शाळेतील सहकाऱ्यांबरोबर कोकणात गेलो असताना, अगदी जवळून पाहिली. होडीत बसलेला प्रशिक्षक चांगला मुरलेला होता. त्याने टाकी पाठीवर घेतली, तोंडात नळी धरली आणि तो श्वास घेऊ लागला. होडीवरचा मदतनीस, मिसरूडही न फुटलेला मुलगा, त्याच्या दाबमापकाकडे पाहत होता. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून पुन्हा वर येत होता. टाकीची झडप पूर्ण उघडलेली नसली की असे होते : पृष्ठभागावर श्वास नीट घेता येतो, पण खोलीवर प्रत्येक श्वासाला हवा जास्त लागते आणि अर्धवट उघड्या झडपेतून ती पुरत नाही. मुलगा म्हणाला, "दादा, काटो हलता." प्रशिक्षकाने वळून न पाहता मान डोलावली आणि तो होडीच्या काठाकडे सरकला. मुलाने त्याचा पट्टा धरला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटले, या वेळी मोठ्याने. मग प्रशिक्षक थांबला, मुलाने झडप पूर्ण उघडली, आणि पुन्हा तीन-चार श्वास घेऊन काटा स्थिर असल्याची दोघांनी खात्री केल्यावरच तो पाण्यात उतरला. होडीतल्या पाहुण्यांपैकी बहुतेकांच्या हे लक्षातही आले नसेल. मला मात्र त्या मुलाने धरलेला पट्टा कोणत्याही अहवालातील परिच्छेदाहून अधिक शिकवून गेला.

पाण्याखालील गुहांत जाणाऱ्या डायव्हरांनी याच्याही पुढचा नियम केला आहे. गुहेत वर पाहिले तर आकाश नसते, दगडाचे छत असते, त्यामुळे तिथे चूक झाली की परतीचा रस्ताच उरत नाही. शेक एक्सली या अमेरिकी डायव्हरने १९७० च्या दशकात गुहांमधील मृत्यू एकेक करून तपासले आणि त्यातून परतीची दोरी अखंड ठेवणे, हवेचा एक तृतीयांश भागच आत जाण्यासाठी वापरणे, असे नियम आकाराला आले. त्यांच्या जोडीला या मंडळींत एक रिवाज पक्का आहे : गटातील कोणीही, कधीही, कोणत्याही कारणासाठी अंगठा वर केला की डाइव्ह संपली. अंगठ्याची खूण तिथे शाबासकीची नसून वर चला अशी असते आणि तिला उत्तर म्हणून तीच खूण करून मागे वळायचे असते. कारण विचारायचे नाही. सर्वांत नवख्या माणसाचा अंगठा सर्वांत जुन्या माणसाला बांधून ठेवतो. मंगळूर आणि कोळिकोडच्या कॉकपिटमध्ये उणीव होती ती नेमकी याचीच. तिथे दुसऱ्याचा शब्द सल्ला म्हणून ऐकला जात होता, आज्ञा म्हणून नाही.

हे सगळे मी आमच्या गावात सांगू लागलो ते एका विहिरीमुळे. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की आमच्याकडे पेट्रोलवर चालणारे लहान इंजिन दोरांनी विहिरीतल्या टप्प्यावर सोडून पाणी उपसतात आणि मग गाळ काढायला माणूस उतरतो. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड खालीच साचून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. जुनी माणसे आधी पेटता कंदील खाली सोडतात आणि तो विझला तर उतरत नाहीत. ही पद्धत प्राणवायू कमी असल्याचे सांगते, म्हणून ती चांगलीच आहे, पण कार्बन मोनॉक्साइड असतानाही कंदील जळतच राहतो, हे फार थोड्यांना माहीत असते. त्या दिवशी कंदीलही सोडला नव्हता. घरातल्या मुलाने विचारले तेव्हा वडीलधारे काकाजी म्हणाले, "बाबू, तुया बापाच्या आधीपासून उतरतो मी या विहिरीत." इंजिन नुकतेच बंद केले आहे, हे त्यांच्या सुनेने पाहिले होते. सासऱ्यांसमोर ती कधी बोलत नसे, म्हणून तिने नवऱ्याला हळूच सांगितले आणि नवऱ्याने ते पुढे नेले नाही. काकाजी खाली गेले आणि त्यांना भोवळ आली. कमरेला दोर होता म्हणून वर ओढता आले. त्यांना वाचवायला दोन पोरे दोराशिवाय उतरायला निघाली होती. गावोगावी एका विहिरीत तीन-तीन, चार-चार जण मरतात ते असेच, एकामागे एक उतरून. त्या पोरांना ओरडून अडवले ते त्या सुनेनेच.

त्यानंतर गावातल्या काही जाणत्यांबरोबर बसून आम्ही विहिरीचा गाळ काढण्याचे नियम ठरवायला घेतले. इंजिन विहिरीत सोडायचे नाही, पंप खाली आणि इंजिन वर राहील अशी व्यवस्था करायची, हे सर्वांनी लगेच मान्य केले. काखेतून दोर बांधल्याशिवाय कोणी उतरायचे नाही आणि खालचा पडला तर त्याच्या मागे कोणी उतरायचे नाही, वरूनच ओढायचे, हेही मान्य झाले. अडले ते तिसऱ्या नियमावर. वर दोर धरून बसलेल्या माणसाने, मग तो वयाने कितीही लहान असो की बाईमाणूस असो, "वर या" म्हटले की खालच्याने कारण न विचारता वर यायचे, असे मी मांडले. दोन बैठका झाल्या तरी काही वडीलधाऱ्यांना ते पटलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की पोरांना काय कळते, उगाच दहादा वर बोलावतील. मी म्हणालो की दहादा वर यायला लागले तर संध्याकाळपर्यंत गाळ थोडा कमी निघेल, एवढेच होईल. काकाजी स्वतः या वादात अजून कोणत्याही बाजूने बोललेले नाहीत. पुढची बैठक गाळाचे काम निघण्याआधी त्यांच्याच अंगणात घ्यायची ठरली आहे आणि या वेळी त्यांच्या सुनेलाही बोलायला बसवावे, असे मी त्यांना सांगून आलो आहे.